विश्लेषण : तेलाने अरब आखात श्रीमंत झाले, मग तिथल्या लेखकांना ही शहरे ‘मिठाची’ का वाटली?

वाळवंटातल्या एका खजुरीच्या बनात काही परदेशी माणसे येतात. पाणी शोधायला आलो आहोत, असे सांगतात. माती-दगडांचे नमुने गोळा करतात, गावकऱ्यांना नको ते प्रश्न विचारतात आणि निघून जातात. परततात ती यंत्रे घेऊन. मग थोड्याच काळात बन मुळासकट उपटले जाते आणि गाव उठवले जाते. अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला हा प्रसंग आहे. तेलाने अरब देशांना किती पैसा दिला, हे सांगणारे अहवाल ढिगाने सापडतात. पण त्या पैशाने माणसांचे काय केले, हे सांगण्याचे काम मुख्यतः कथा-कादंबऱ्यांनी आणि कवितेने केले. त्याची किंमतही लेखकांनी मोजली. कुणाचे नागरिकत्व गेले, कुणाचे मंत्रिपद, कुणी तुरुंगात गेले. या लेखकांचा आक्षेप नेमका कशावर होता?

तेलापूर्वीचे आखात सुखी होते का?

नव्हते, आणि हे आधीच सांगून टाकलेले बरे. कुवेत, बहारीन, दुबई ही मोत्यांवर जगणारी बंदरे होती. उन्हाळ्याचे महिने पाणबुडे समुद्रात असत. मोसम सुरू होण्यापूर्वी जहाजाचा नाखवा त्यांना उचल देई. आपल्याकडे ऊसतोड कामगाराला मुकादम देतो तशीच. मोत्यांचा हंगाम वाईट गेला की उचल फिटत नसे आणि पाणबुडा पुढच्या वर्षीही त्याच नाखव्याशी बांधला जाई. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. पाणबुड्यांमध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलामही असत. सौदी अरेबियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये, ओमानमध्ये तर १९७० मध्ये.

या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. कुवेत आणि बहारीनच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, मुले इथे शिकत आणि आखाताच्या बाजारात रुपया चाले. भारताचा रुपया हे तिथले चलन १९६० च्या दशकापर्यंत टिकले. आज दिरहॅमचा भाव पाहणाऱ्यांना हे खरे वाटणार नाही.

जपानच्या मिकिमोतो यांनी संवर्धित मोती बाजारात आणले आणि त्यावर १९२९ ची जागतिक मंदी आली. मोत्यांचा धंदा बसला. सौदी अरेबियाची कमाई होती हज यात्रेकरूंवर आणि मंदीत यात्रेकरूही घटले. १९३३ च्या मे महिन्यात सौदी राजे अब्दुल अझीझ यांच्या सरकारने अमेरिकेच्या ‘स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया’ला तेलशोधाचा परवाना दिला, तेव्हा सुरुवातीची रक्कम म्हणून कंपनीने ३५ हजार सोन्याची नाणी मोजून दिली. कागदी पैशावर सरकारचा विश्वास नव्हता.

या काळातली एक घटना फारशी सांगितली जात नाही, पण पुढचे सारे समजण्यासाठी ती महत्त्वाची आहे. १९३८ मध्ये कुवेतच्या व्यापाऱ्यांनी शेखवर दबाव आणून एक निर्वाचित मंडळ स्थापन केले. मतदार मोजकेच होते, पण मंडळाने जकात, शाळा, न्याय अशा कारभारात लक्ष घातले. व्यापाऱ्यांना हे करता आले, कारण राज्य त्यांच्या जकातीवर चाले. जो पैसे देतो, त्याचे ऐकावे लागते. मात्र त्याच वर्षाच्या सुरुवातीला कुवेतच्या बुरगानमध्ये तेल लागले होते. तेलकंपनीचा पैसा थेट शेखकडे जाणार की मंडळाकडे, यावरूनही खटके उडाले आणि वर्ष संपण्याच्या सुमारास मंडळ बरखास्त झाले. महायुद्धानंतर कुवेतचे तेल निर्यात होऊ लागले, तसे शेखना व्यापाऱ्यांच्या जकातीची गरज उरली नाही. ऐकण्याचीही नाही.

तेलाने समाजाची घडी नेमकी कुठे मोडली?

बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागले. सौदीत दम्मामची सातव्या क्रमांकाची विहीर १९३८ च्या मार्चमध्ये वाहू लागली. अबू धाबीत १९५८ मध्ये आणि ओमानमध्ये १९६० च्या दशकात तेल लागले. खरा लोंढा आला तो १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर. अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ पोहोचला.

हा पैसा कुठल्या शेतातून, कारखान्यातून किंवा कुणाच्या घामातून आलेला नव्हता. तो जमिनीच्या भाड्यासारखा होता. अर्थतज्ज्ञांनी त्याला नावही दिले. १९७० मध्ये हुसेन महदवी यांनी इराणबद्दल लिहिताना आणि १९८७ मध्ये हाझेम बेब्लावी व जाकोमो लुचियानी यांनी अरब देशांबद्दल लिहिताना ‘भाड्यावर जगणारे राज्य’ ही कल्पना मांडली. हेच बेब्लावी पुढे २०१३ मध्ये इजिप्तचे पंतप्रधान झाले.

कल्पना साधी आहे. इतर देशांत सरकार लोकांकडून कर घेते आणि त्या बदल्यात लोक हिशेब मागतात. इथे उलटे झाले. सरकारच लोकांना देऊ लागले : नोकरी, घर, दवाखाना, शिक्षण, स्वस्त वीज. कर नाही, तर हिशेब मागायचा कोणत्या तोंडाने? नागरिक हळूहळू लाभार्थी झाला. ‘लाभार्थी’ हा शब्द आपल्याकडेही अलीकडे फार ऐकू येतो, पण आपल्याकडे निदान लाभ देणाऱ्याला दर पाच वर्षांनी मत मागायला यावे लागते.

दुसरी मोडतोड कामाच्या जागी झाली. सौदीतल्या धाहरान इथे ‘अराम्को’ने वसवलेल्या गावात अमेरिकी कर्मचाऱ्यांसाठी हिरवळी, पोहण्याचे तलाव, चित्रपटगृह. अरब कामगारांसाठी वेगळी वस्ती, सुरुवातीला तर झावळ्यांच्या झोपड्या. आपल्याच देशात आपल्याला कुंपणापलीकडे ठेवले जाते, याचा राग १९५३ मध्ये संपातून बाहेर पडला आणि हजारो कामगार त्यात उतरले. १९५६ मध्ये पुन्हा आंदोलन झाले. त्यानंतर राजाच्या फर्मानाने संपावर बंदी आली. नंतरच्या दशकांत अंगमेहनतीच्या कामासाठी परदेशी मजूर आणले गेले. ज्याला केव्हाही परत पाठवता येते, तो संप करत नाही.

याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ज्या मुलुखात डॉक्टर शोधावा लागे, तिथे एका पिढीत रुग्णालये उभी राहिली. सौदीत मुलींसाठी सरकारी शाळा १९६० मध्ये सुरू झाल्या आणि त्यांतून शिकलेल्या मुलींच्या पुढच्या पिढीने कादंबऱ्या लिहिल्या. कुवेतने १९५८ च्या डिसेंबरात ‘अल-अरबी’ हे मासिक काढले. तेलाच्या पैशामुळे ते इतक्या स्वस्तात विकता येई की मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या शाळामास्तरांना ते परवडे. म्हणजे टीका वाचणारा वाचकही काही अंशी तेलानेच घडवला.

मुनीफ यांना हे सारे इतके आतून कसे माहीत होते?

कारण ते तेल-अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. मुनीफ यांचा जन्म १९३३ चा, म्हणजे सौदी तेलकरार झाला त्याच वर्षीचा. वडील सौदीच्या नज्द भागातले व्यापारी, आई इराकी, जन्म जॉर्डनमधल्या अम्मानचा. बगदादमध्ये शिकत असताना राजकारणामुळे त्यांना देशाबाहेर काढले गेले. कैरोत शिक्षण आणि पुढे बेलग्रेड विद्यापीठातून तेलाच्या अर्थकारणात डॉक्टरेट. सीरियाच्या तेल खात्यात त्यांनी नोकरी केली, बगदादला तेल आणि विकास या विषयाला वाहिलेल्या नियतकालिकाचे संपादन केले. १९६३ मध्ये सौदी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली होती.

‘मुदुन अल-मिल्ह’ म्हणजे ‘मिठाची शहरे’ ही त्यांची पाच खंडांची कादंबरी १९८४ ते १९८९ या काळात प्रसिद्ध झाली. देशाचे नाव काल्पनिक आहे, पण ओळखायला कुणालाही वेळ लागला नाही. सौदीत तिच्यावर बंदी आली.

पहिल्या खंडात वादी अल-उयून या मरूद्यानाची कथा आहे. मितेब अल-हथाल हा तिथला एक प्रतिष्ठित गृहस्थ. परदेशी लोक पाण्यासाठी आलेले नाहीत, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळते. तो अमीराकडे जातो, तर अमीर सांगतो की तुमच्या पायाखाली सोन्याचे समुद्र आहेत, हे मित्र ते काढून देणार आहेत. मितेबला ते सोने नको आहे. झाडे पाडणारी यंत्रे येतात, त्या दिवशी तो रडतो आणि उंटावर बसून वाळवंटात निघून जातो. पुन्हा तो कुणाला सापडत नाही. पण त्याला पाहिल्याच्या वार्ता अधूनमधून येत राहतात आणि कंपनीच्या तळावर काही आक्रीत घडले की लोक त्याचे नाव घेतात.

गाव उठल्यावर कथा समुद्रकाठच्या हर्रानला जाते. तिथे एक अमेरिकी शहर आणि एक अरब वस्ती शेजारी-शेजारी उभी राहते. मुनीफ यांची खरी ताकद इथे दिसते. ते तेलाच्या विहिरींबद्दल फारसे बोलतच नाहीत. ते माणसांच्या हातातल्या वस्तू दाखवतात. हर्रानच्या अमीराला कुणी दुर्बीण भेट देतो, मग रेडिओ, मग टेलिफोन. तो त्या खेळण्यांमध्ये इतका गुंगतो की कारभार दुसऱ्याच कुणाच्या हाती जातो. गावाला झाडपाल्याची औषधे फुकट देणारा मुफद्दी नावाचा वैद्य असतो. पैसे घेणारा, इंजेक्शने देणारा डॉक्टर बाहेरून येतो, तेव्हा हा वैद्य अडचणीचा ठरतो. पुढे त्याचा खून होतो आणि खुनी कोण, हे विचारण्याची सोय नसते. अकूब नावाचा एक आर्मेनियन ट्रकवाला माणसांची ने-आण करत असतो. नव्या, चकचकीत बस येतात आणि त्याचा जुना ट्रक, मग तो स्वतःही संपतो. हा भाग वाचताना आपल्याकडच्या टांगेवाल्यांची आणि गिरणीच्या जॉबरांची आठवण येते.

जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट, असे मुनीफ म्हणतात का? काही समीक्षकांना तसे वाटले आणि त्यात तथ्य आहे. वादी अल-उयून जरा जास्तच रम्य आहे. मोत्यांच्या पाणबुड्याची उचल आणि शेखच्या घरातला गुलाम त्या चित्रात नीट दिसत नाहीत. पण मुनीफ यांचा रोख संपत्तीवर नव्हता, ती ज्या पद्धतीने आली तिच्यावर होता. कुणालाही न विचारता आणि कुणालाही सहभागी न करून घेता, फक्त वरून खाली. शीर्षकाचा अर्थ त्यांनी मुलाखतीत सांगितला होता : माणसांनी आपल्या गरजेतून वाढवलेली ही शहरे नव्हेत, पाण्याचा पहिला लोट आला की ती मिठासारखी विरघळतील.

अपडाइक चुकले आणि अमिताव घोष यांनी काय पाहिले?

पहिल्या खंडाचे पीटर थेरू यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८७ मध्ये आले. अमेरिकी कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर लिहिले आणि नाक मुरडले. तक्रार अशी की यात एकही मध्यवर्ती नायक नाही, व्यक्तीच्या मनाचा प्रवास नाही, शेकोटीभोवती सांगितलेल्या गोष्टीसारखे हे सारे आहे. थोडक्यात, लेखक पुरेसा पाश्चात्त्य झालेला नाही. आता, एका गावावर बुलडोझर फिरतो तेव्हा कथा गावाची होणार की एका माणसाच्या अंतर्मनाची? कोयनेच्या किंवा नर्मदेच्या बुडित गावांबद्दल कुणी लिहिले, तर त्यात ‘आम्ही’ येणारच.

अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये ‘न्यू रिपब्लिक’ या अमेरिकी नियतकालिकात मुनीफ यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. ‘पेट्रोफिक्शन’ म्हणजे तेलाचे ललित साहित्य हा शब्द त्या लेखातून रूढ झाला. घोष यांचा प्रश्न बिनतोड होता : मसाल्यांच्या व्यापाराने पोर्तुगीजांकडून महाकाव्य लिहून घेतले, मग विसाव्या शतकाचे जग ज्याच्यावर चालले त्या तेलाने साहित्य का निर्माण केले नाही? त्यांचे उत्तर असे की दोन्ही बाजूंना ही कथा लाजिरवाणी वाटते. अमेरिकेला आपले अवलंबित्व सांगायचे नसते आणि अरबांना आपल्या तेलाचे मालक खरे कोण होते हे आठवायचे नसते. शिवाय तेलाचे जग एकभाषी नाही. एका रिगवर मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, टेक्सासचा इंजिनीअर असे सगळे असतात आणि कादंबरीला मात्र एक भाषा, एक गाव लागते.

घोष यांनी मुनीफ यांचे कौतुक केले आणि एका जागी त्यांना पकडलेही. पहिल्या खंडाचा शेवट कामगारांच्या संपाने होतो, विजयाच्या सुरात. पण आखाताचा प्रत्यक्ष इतिहास त्या दिशेने गेला नाही. तिथला मजूर परदेशी झाला. तो मजूर मुनीफ यांच्या पानांवर जवळजवळ नाहीच. घोष यांना हे दिसले यात नवल नाही. इजिप्तच्या खेड्यात राहून त्यांनी इराकला कमवायला जाणारे तरुण पाहिले होते आणि १९८६ च्या ‘द सर्कल ऑफ रीझन’ या पहिल्या कादंबरीत त्यांनी भारतीयांना आखाती किनाऱ्यावर उतरवले होते.

मुनीफ यांच्या आधी कुणी लिहिले नव्हते?

लिहिले होते, पण ते तेलाच्या दाराबाहेर उभे राहून. पॅलेस्टिनी लेखक गस्सान कनफानी तरुणपणी कुवेतमध्ये शिक्षक होते. १९६३ मध्ये त्यांची ‘उन्हातली माणसे’ ही लघुकादंबरी आली. निर्वासित छावण्यांतले तीन पॅलेस्टिनी कामासाठी कुवेतला चोरून जायला निघतात. एक ड्रायव्हर त्यांना पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपवून नेण्याचे कबूल करतो. चौकीच्या अलीकडे आत शिरायचे, पलीकडे बाहेर पडायचे, काही मिनिटांचा प्रश्न. पहिली चौकी पार होते. कुवेतच्या चौकीवर मात्र कारकुनाला चेष्टेची लहर येते. बसऱ्याच्या एका नर्तकीवरून तो ड्रायव्हरला छेडत बसतो, कागदावर सही होत नाही, बाहेर ऑगस्टचे ऊन. ड्रायव्हर टँकरपाशी परततो तेव्हा आत तीन प्रेते असतात. त्यांनी आतून पत्र्यावर थापा का मारल्या नाहीत, हा त्याचा प्रश्न अरब जगात आजही विचारला जातो.

१९७२ मध्ये इजिप्शियन दिग्दर्शक तौफिक सालेह यांनी यावर सिनेमा केला, तेव्हा एक गोष्ट बदलली. सिनेमातली माणसे थापा मारतात. पण चौकीच्या कचेरीत एअर कंडिशनर सुरू असतात, त्यांच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही. त्याच वर्षी जुलैत कनफानी बैरुतमध्ये मोटारीतल्या बॉम्बने मारले गेले.

सीरियाचे निझार कब्बानी यांनी हाच विषय प्रेमकवितेत आणला. त्यांची ‘प्रेम आणि पेट्रोल’ ही कविता एका स्त्रीच्या तोंडी आहे आणि ती तेलसम्राटाला सुनावते की तू मला विकत घेऊ शकत नाहीस. १९६७ च्या पराभवानंतरच्या कवितेत तर त्यांनी जाहीर हिशेबच मांडला : एवढे तेल हातात असून ते शस्त्र का झाले नाही, ते चैनीत का वाहून गेले? हा राग दमास्कस, बैरुत, कैरोचा होता. शतकानुशतके ज्या शहरांनी अरबी साहित्य घडवले, ती गरीब राहिली आणि ज्यांना ती मागास समजत आली त्यांच्या दारात आता त्यांचेच पदवीधर नोकरीसाठी उभे होते. या टीकेत थोडा शहरी तोराही होता, हे मान्य करायला हवे.

मग ते पदवीधर तिथे गेले आणि त्यांनीही लिहिले. इब्राहिम नसरल्लाह हे पॅलेस्टिनी-जॉर्डेनियन लेखक सौदीच्या एका दुर्गम गावात शिक्षक होते. त्यांच्या १९८५ च्या कादंबरीतला शिक्षक आपण जिवंत आहोत की मेलो, याचाच पत्ता हरवून बसतो. इजिप्तच्या इब्राहिम अब्देल मेगीद यांनी सौदीतल्या तबूक शहरात नोकरीला गेलेल्या इजिप्शियनावर कादंबरी लिहिली, तिला १९९६ मध्ये नगीब महफूझ पदक मिळाले.

तेलदेशांच्या आतून टीका झाली का?

झाली, आणि ती करणाऱ्यांत एक सौदी मंत्रीही होते. गाझी अल-गुसैबी हे कवी. १९७० च्या दशकात देशाचे उद्योग आणि वीज त्यांच्याकडे होती, म्हणजे तेलाच्या पैशाचे कारखाने करणारा माणूस. पुढे आरोग्यमंत्री असताना १९८४ मध्ये राजाला उद्देशून लिहिलेली त्यांची कविता दैनिकात छापून आली आणि मंत्रिपद गेले. मग राजदूत म्हणून परदेशी रवानगी. १९९४ ची त्यांची कादंबरी सौदीतच मिळत नसे. तरीही सरकारने त्यांना परत बोलावले आणि कामगार खाते दिले. सौदी तरुण खासगी नोकरी कमीपणाची मानतात म्हणून २००८ मध्ये या मंत्र्यांनी जेद्दाहच्या एका उपाहारगृहात काही तास बर्गर वाढले. भाड्यावर जगणाऱ्या राज्याने माणसाच्या हातांचे काय केले, यावर यापेक्षा बोलका प्रसंग त्यांच्या कादंबऱ्यांतही नसेल. २०१० मध्ये ते गेले. त्याच्या जेमतेम आधी त्यांच्या पुस्तकांवरची बंदी उठली.

नव्या पिढीने विषय घरात आणला. सौदीच्या अब्दो खाल यांच्या कादंबरीत जेद्दाहच्या गरीब मोहल्ल्यातल्या पोरांना समोरच्या राजवाड्याचे वेड आहे आणि आत गेल्यावर कळते की तो वाडा म्हणजे नरक. तिला २०१० चे अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कुवेतच्या सौद अल-सनऊसी यांच्या ‘बांबूचे खोड’ या कादंबरीचा नायक कुवेती बाप आणि घरकाम करणारी फिलिपिनो आई यांचा मुलगा आहे. त्याचे नाव होझे की इसा, यावरच सगळे अडते. बांबू कुठेही रुजतो, पण या मुलाला आजी आपल्या उंबरठ्यात रुजू देत नाही. ओमानच्या जोखा अल-हार्थी यांनी ज्या कादंबरीसाठी २०१९ चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळवले, त्यात तीन बहिणींच्या कथेबरोबर घरातल्या गुलाम स्त्रीची कथा आहे. मुनीफ यांनी जी जागा मोकळी सोडली होती, ती इथे भरली.

आणि परदेशी मजूर? त्याची कथा कुणी लिहिली?

अमिराती आणि कतारमध्ये दहा रहिवाशांमागे जेमतेम एक जण नागरिक आहे. बाकीचे कामासाठी आलेले. ते ‘कफाला’ पद्धतीत राहतात : स्थानिक कफील म्हणजे जामीनदार, आणि व्हिसा त्याच्या हाती. काही देशांनी अलीकडे यात सुधारणा केल्या आहेत, पण मूळ नाते अजून गेलेले नाही. ही कथा अरबीत उशिरा आणि थोडी आली. ती जास्त ताकदीने आली मल्याळममध्ये. बहारीनमध्ये अनेक वर्षे नोकरी केलेले बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ २००८ मध्ये आली. सौदीच्या वाळवंटात शेळ्यांच्या गोठ्यावर अडकलेल्या मजुराची ती कथा. तिच्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये अनेकांनी पाहिला असेल. अबू धाबीत वाढलेले दीपक उन्नीकृष्णन यांनी इंग्रजीत ‘टेम्पररी पीपल’ लिहिले. त्यातल्या एका कथेत मजूर बियांपासून उगवले जातात आणि ठरावीक वर्षे टिकतात. दुसरीत एक बाई रात्री बांधकामाच्या जागी फिरते आणि इमारतीवरून पडलेल्या मजुरांना चिकटपट्टीने जोडते.

सहा आखाती देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय आहेत. खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या वाड्यांमध्ये गल्फच्या पैशाने बांधलेली आणि बाराही महिने कुलूप असलेली घरे पाहिली की कळते, ही कथा केरळपुरती नाही. तिच्यावर मराठीत जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेलेले नाही.

आता तेलाचा पैसाच साहित्याला पोसतो, मग टीका उरली का?

हा सर्वांत अवघड प्रश्न. वर उल्लेख केलेले अरबी कादंबरीचे पारितोषिक २००७ मध्ये अबू धाबीच्या पैशातून सुरू झाले. विजेत्याला ५० हजार डॉलर मिळतात आणि इंग्रजी भाषांतराची वाट खुली होते. अब्दो खाल, अल-सनऊसी यांच्यासारख्या टीकाकारांना ते मिळाले, हे नाकारता येत नाही. अबू धाबीतच ‘मिलियन्स पोएट’ हा बेदुइन कवितेचा टीव्ही कार्यक्रम होतो, आणि त्याला प्रेक्षक आपल्याकडच्या गाण्यांच्या स्पर्धांइतके उदंड. २०१० मध्ये सौदीच्या हिस्सा हिलाल या बुरखाधारी कवयित्रीने त्या मंचावर कट्टर फतव्यांवर तुटून पडणारी कविता म्हटली. धमक्या आल्या, तरी ती तिसरी आली.

मात्र मुल्लांवर टीका करणे आणि राज्यकर्त्यांवर टीका करणे यांत फरक आहे. कतारचे कवी मोहम्मद अल-अजमी यांनी ट्युनिशियाच्या क्रांतीचे स्वागत करून सगळ्याच अरब राजवटींना चिमटा काढला. २०११ मध्ये अटक, २०१२ मध्ये जन्मठेप, मग ती पंधरा वर्षांवर, आणि २०१६ मध्ये माफी. कफील जसा मजुराला व्हिसा देतो, तसे आपल्याला पारितोषिक दिले जाते की काय, असे एखाद्या लेखकाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

मुनीफ २००४ मध्ये दमास्कसमध्ये वारले. त्यानंतर तेरा वर्षांनी सौदी युवराजांनी तांबड्या समुद्राकाठी ‘निओम’ या नव्या शहराची घोषणा केली. हे तेलानंतरच्या काळासाठीचे शहर, पण तेलाच्याच पैशाने उभे राहणारे. त्या जागेवर हुवैतात जमातीची गावे होती. एप्रिल २०२० मध्ये घर सोडायला नकार देणाऱ्या एका गावकऱ्याने मोबाइलवर चित्रफिती काढून आपली बाजू मांडली आणि थोड्याच वेळात तो सुरक्षा दलाच्या गोळीबारात मारला गेला. आधी त्याने गोळी झाडली, असे सरकारचे म्हणणे. पुढे त्याच जमातीतल्या तिघांना न्यायालयाने देहदंड सुनावल्याचे मानवी हक्क संघटनांनी जाहीर केले. मितेब अल-हथालकडे मोबाइल नव्हता. तो उंटावर बसून निघून गेला होता आणि त्याला पाहिल्याचे लोक अजून सांगतात, असे कादंबरीत आहे.